पायऱ्या घराकडेच का कलल्या?

वाचकाचं पत्र थोडक्यात: घर नऊ वर्षांचं आहे. पुढच्या दाराला एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या तीन पायऱ्या आहेत, त्या चढल्या की उंबरा. जोत्याला लागून 90 सेंमी रुंदीची काँक्रीटची पायवाट घराच्या बाजूने जाते. पायऱ्यांचा ठोकळा घराच्या बाजूने 45 मिमी आणि पुढच्या बाजूने 10 मिमी खचला आहे. भिंतीपाशी पाणी साचतं, आणि ठोकळ्याची मागची कड घासून गिलावा निघाला आहे. पायवाटेच्या सात तुकड्यांपैकी गच्चीच्या पाण्याच्या पाईपाखालचे दोन तुकडे 30 आणि 20 मिमी खाली गेले आहेत. गेल्या वर्षी गवंड्याने वरच्या पायरीवर सिमेंटचा थर दिला, भिंतीकडे 20 मिमी आणि कडेला शून्य. पहिल्याच पावसात त्याच्या कडा सुटल्या. आता एक ठेकेदार म्हणतो, सगळं फोडून नव्याने ओतू. दुसरा म्हणतो, खाली फोम भरून सगळं उचलून देतो. घरच्यांना वेगळीच भीती आहे, की घरच खचतंय. सासरे काठी घेऊन चालतात. नेमकं काय करावं?

नमस्कार,

दोन्ही ठेकेदार ‘सगळं’ म्हणतात, आणि पत्रातही पायऱ्या आणि पायवाट हा एकच प्रश्न धरला आहे. माझ्या मते ते दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पायऱ्या फोडाव्या लागतील. पायवाट फोडायची गरज दिसत नाही. पण या दोन्हींच्या आधी करायचं एक काम आहे, आणि ते तुम्हाला कुणीच सांगितलेलं दिसत नाही.

आधी घराच्या भीतीबद्दल. पायऱ्या आणि घर यांचा पाया सहसा वेगळा असतो. घराचा पाया खोलवर न हललेल्या जमिनीवर असतो. पायऱ्या मात्र पाया खणताना निघालेली माती परत लोटून केलेल्या भरावावर बसवलेल्या असतात. तो भराव थराथराने चोपलेला नसेल तर पुढची काही वर्षं बसत राहतो आणि वरचं काँक्रीट घेऊन जातो. म्हणजे पायऱ्या खचल्या यावरून घर खचतंय असं ठरत नाही. घराची लक्षणं वेगळी असतात. दारं-खिडक्या नव्याने अडकू लागणं, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग चढणं, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांची भेग जाणं, फरशी एका बाजूला उतरणं. यातलं काही दिसलं, तर पायऱ्यांचं काम थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. काहीच नसेल तर ही भीती बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग ठोकळा घराकडेच का कलला? हिशेब करून बघा. पायरी 1.2 मीटर लांब, 30 सेंमी रुंद आणि 15 सेंमी उंच धरली, तर तीन पायऱ्यांच्या भरीव ठोकळ्यात 0.324 घनमीटर काँक्रीट बसतं. घनमीटरला 2400 किलो या दराने त्याचं वजन पाऊण टनाच्या पुढे जातं. हे वजन सगळीकडे सारखंही नाही. पुढच्या पायरीखाली चौरस मीटरला 360 किलो, तर भिंतीलगतच्या पायरीखाली 1080 किलो. आणि सगळ्यात सैल भराव असतो तो नेमका भिंतीलगत, कारण पाया खणताना खड्डा तिथेच होता. सगळ्यात जड भाग सगळ्यात कच्च्या जमिनीवर उभा आहे, त्यामुळे तो कलणार तर घराकडेच. एकदा कलला की पाणी भिंतीपाशी साचतं, मुरतं, आणि भराव आणखी बसतो.

गेल्या वर्षीच्या थराला दोष देताना ‘वजन वाढलं म्हणून आणखी खचली’ असं कुणी सांगेल, पण तो थर आठ-नऊ किलोंचाच आहे. त्याचं चुकलं ते कडेला. सिमेंटचा थर शून्यावर आणून संपवला की ती कड टिकत नाही. पातळ थरातलं पाणी लवकर उडतं, तो आक्रसतो आणि सुटतो. साध्या सिमेंट-वाळू-बारीक खडीच्या थराला निदान 40 मिमी जाडी हवी, आणि खाली टाचे मारून, धूळ काढून, पृष्ठभाग भिजवून, वरचं पाणी टिपून, सिमेंटची घोळ लावून तो ओतायला हवा. पॉलिमर मिसळलेली तयार मिश्रणं याहून पातळ चालतात, पण खालची जमीन हलत असेल तर तीही फुटणार.

सासऱ्यांसाठी या थरापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे उंचीतला फरक. तुम्ही दिलेल्या मापांवरून आणि पायऱ्या मुळात 150 मिमीच्या होत्या असं धरून, आज पहिली चढण 140, मधल्या दोन 150 आणि उंबऱ्याची 175 मिमी आहे (45 मिमी खचली, त्यातले 20 थराने भरले). पायाला पहिल्या दोन पायऱ्यांत उंचीची सवय लागते आणि पुढचं पाऊल तो न बघताच टाकतो. एका जिन्यातल्या पायऱ्यांत साधारण 10 मिमीपेक्षा जास्त फरक नसावा. तुमच्याकडे तो 35 मिमी आहे. तेव्हा काम होईपर्यंत सासऱ्यांसाठी दुसरं दार वापरता आलं तर उत्तम. नाही तर प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा आणि धरायला पक्का कठडा आजच हवा.

आता ते आधीचं काम. पायवाटेचे दोनच तुकडे खचले, आणि तेही पाईपाखालचे. त्या पाईपाकडे 50 चौरस मीटर गच्चीचं पाणी येत असेल, तर 20 मिमी पावसात एका जागी हजार लिटर पाणी पडतं. ते पाणी माती नेतं. पण माझा पुढचा प्रश्न असा, की माती गेली कुठे? भराव नुसता दबला असेल तर माती तिथेच आहे, फक्त घट्ट झाली आहे. पण तुकड्याखाली पोकळी असेल, तर तिथली माती कुठे तरी बाहेर पडली आहे. मग सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं उघडून बघा. तळाला ताजी माती किंवा वाळू साचलेली दिसली, तर जमिनीतल्या पाईपाचा सांधा सुटला आहे किंवा चेंबरच्या भिंतीला भोक आहे. घुशी-उंदरांची बिळंही हेच काम करतात. ही वाट बंद न करता वरून काहीही भरलं, तरी तेही त्याच वाटेने जाईल.

पोकळी ओळखायला पहारीचं मागचं टोक किंवा हातोडी पायवाटेवर सगळीकडे ठोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द येतो. त्या भागाभोवती खडूने रेघ मारा. सांध्यातून किंवा भेगेतून पातळ सळई घालून ती किती खोल जाते तेही बघा. मग नळी लावून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा आणि ते कुठे धावतं, कुठे थांबतं, कुठे नाहीसं होतं ते पाहा. हे सगळं एका सकाळचं काम आहे, आणि ठेकेदाराच्या तोंडी अंदाजापेक्षा त्यातून जास्त कळतं.

पाण्याचा बंदोबस्त साधाच असतो, म्हणूनच तो राहून जातो. पाईपाचं तोंड जोत्यापासून निदान दोन मीटर लांब न्या, किंवा बंद पाईपाने थेट पावसाच्या नाल्यात सोडा. घरालगतच्या मातीला पहिल्या तीन मीटरमध्ये 15 सेंमी तरी ढाळ बाहेरच्या बाजूला हवा. काँक्रीटला मीटरला 20 मिमी ढाळ पुरतो. तुमच्या 90 सेंमी पायवाटेची जोत्याकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा 18 मिमी उंच पाहिजे. ‘एकदम लेव्हलमध्ये करून द्या’ असं गवंड्याला सांगू नका. तो खरंच तसं करेल आणि पाणी उभं राहील.

जमीन अजून हलते आहे का, हेही बघायला हवं. जोत्यावर पेन्सिलने आडवी खूण करा, पाणसळ लावून तिथून पायरीच्या चार कोपऱ्यांपर्यंतचं माप घ्या, तारीख लिहून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तेच माप घ्या. मिमी-दोन मिमीचा फरक मोजण्यातला असू शकतो. प्रत्येक वेळी एकाच दिशेने वाढत गेला तर खचणं चालू आहे. तुमची जमीन काळ्या चिकणमातीची असेल, तर ओल्या दिवसांत ती फुगून वर येईल आणि कोरड्या दिवसांत बसेल. अशा जमिनीवर दोन्ही ऋतूंची मापं हातात असल्याशिवाय मोठं काम काढू नये. भिंतीलगत मोठं झाड असेल तर तेही मुळांनी ओल ओढून हाच खेळ करतं. बाकी कुठे, पाईप वळवल्यावर दोन-तीन महिने माप जागेवर राहिलं, की कामाला लागा.

पायवाटेचे तुकडे उचलायचे तीन मार्ग आहेत. पहिला, फोमचा. काँक्रीटला साधारण 16 मिमीची छिद्रं पाडून खाली पॉलियुरेथेन सोडतात. ते फुगून तुकडा वर ढकलतं, वजनाला अगदी हलकं असतं, आणि थोड्याच वेळात त्यावरून चालता येतं. दुसरा, सिमेंट, बारीक वाळू किंवा माती आणि पाणी यांचं दाट मिश्रण पंपाने भरायचं. त्याला 25 ते 50 मिमीची मोठी छिद्रं लागतात, त्याचं वजन जमिनीवर पडतं, आणि ते घट्ट व्हायला वेळ जातो. दोन्हीत बिघडतं तेही सारखंच. एकाच छिद्रातून एकदम उचललं की तुकडा मधून तडकतो, म्हणून प्रत्येक छिद्रातून थोडं थोडं, फेऱ्या घेत भरावं लागतं. शेजारच्या तुकड्यांशी सांधा घट्ट धरलेला असेल तर तो आधी पूर्ण खोलीपर्यंत कापावा लागतो. फुटका पाईप खाली असेल तर भरलेला माल त्यात शिरून पाईपच तुंबतो. आणि प्रमाणाबाहेर उचललेला तुकडा परत खाली बसवता येत नाही.

तिसरा मार्ग हाताचा, आणि तुमच्यासारख्या दोनच अखंड तुकड्यांसाठी मला तोच बरा वाटतो. 90 सेंमी गुणिले 1.2 मीटर आणि 10 सेंमी जाडीचा तुकडा साधारण 260 किलोंचा असतो. एक कड उचलायला त्याच्या निम्मं बळ लागतं, वर मातीने धरून ठेवलेलं असतं तेवढं जास्त. डायमंड ब्लेडने चारी सांधे मोकळे करा. बाहेरच्या लांब कडेला दोन ठिकाणी फूटभर खड्डे घ्या, तळाला जाड फळी टाका आणि त्यावर बॉटल जॅक बसवा. दोन्ही जॅक आलटून पालटून 5 ते 10 मिमी चढवा आणि प्रत्येक टप्प्यावर खाली लाकडी ठोकळे सरकवा. हात किंवा पाय खाली घालायचा नाही, जॅकवर कितीही भरवसा असला तरी. कड 15 ते 20 सेंमी वर आली की ठोकळ्यांवर टेकवा आणि लांब दांड्याच्या फावड्याने सैल माती आणि चिखल ओढून काढा. मग 6 ते 10 मिमीची खडी आणि कच पसरून फळीने सारखी करा. 30 मिमी उचलायला एका तुकड्याखाली 35 ते 40 लिटर, म्हणजे तीन-चार घमेली माल लागतो. थर पाहिजे त्याच्यापेक्षा 5 मिमी उंच ठेवा, तो बसतो. वाळू एकटी वापरू नका, पाण्याबरोबर ती पुन्हा निघून जाते. तुकडा खाली सोडल्यावर लाकडी ठोकळा ठेवून वरून ठोका, आणि ढाळ पाणसळीने तपासा. त्यात तो तडकला, तर तेवढाच तुकडा नवा ओता. सगळी पायवाट नको.

ज्यांची पायवाट खचलेली नाही पण बद्द वाजते, त्यांनी उचलायच्या भानगडीत पडू नये. 40 मिमीची दोन-तीन छिद्रं पाडून, एक माप सिमेंट आणि तीन माप बारीक वाळूचं पातळ ग्राउट नरसाळ्याने ओतावं. दुसऱ्या छिद्रातून ते वर दिसलं की पोकळी भरली. आणि नुसती एक कड शेजारच्या तुकड्यापेक्षा 8-10 मिमी वर राहिली असेल, तर ग्राइंडरने ती उतरती घासून घेणं पुरेसं आहे. मास्क आणि चष्मा मात्र घाला, काँक्रीटची धूळ फुप्फुसांना वाईट.

आता पायऱ्या. त्या का उचलू नयेत? ठोकळ्याची मागची बाजू वर आणायची तर चौरस मीटरला हजार किलोंहून जास्त भार सैल भरावावर जोर देऊन ढकलायचा. भराव आणखी दबतो, आणि फोम किंवा ग्राउट सगळ्यात मऊ दिशेने, बहुधा जोत्याच्या बाजूने, पळतं. अनुभवी माणूस हे करून देईलही, पण खालचा भराव तसाच राहिला तर पुढच्या काही वर्षांत तीच गोष्ट. शिवाय तुमच्या वरच्या पायरीचा सुटलेला थर काढावाच लागणार आहे. फोडण्याचा सल्ला इथे बरोबर आहे. फक्त फोडून त्याच भरावावर पुन्हा ओतायचं नाही, एवढं ठेकेदाराकडून लिहून घ्या.

फोडल्यावर खाली सळई सहज घुसणार नाही अशी जमीन लागेपर्यंत सैल माती काढा. जोत्यालगत खणताना घराच्या पायाच्या तळाखाली जायचं नाही, आणि पाणी-वीज-सांडपाण्याच्या लाइन आधी शोधून ठेवायच्या. खड्डा जिथे खोल जाईल तिथे माती परत न टाकता 1:4:8 प्रमाणाचं (सिमेंट, वाळू, खडी) साधं काँक्रीट भरा. उथळ भागात मुरूम किंवा दगडचुरी मिसळलेली खडी 10 ते 15 सेंमीच्या थरांनी, किंचित ओली करून, धुम्मसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. 40 सेंमीचा भराव एकदम टाकून वरून पाणी सोडणं ही सगळ्यात लाडकी पळवाट आहे, आणि नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे पायऱ्यांचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, नाही तर दर हिवाळ्यात त्या वर येतात.

पायऱ्या घराला बांधाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात, यावर गवंड्यांत वाद असतो. दोन्ही चालतं, अर्धवट बांधलेलं चालत नाही. जोत्यात दोन सळया ठोकून वजन त्यांच्यावर टांगलं, की एक दिवस जोत्याचाच तुकडा निघतो. खालची जमीन वर सांगितल्याप्रमाणे पक्की केली असेल तर मी पायऱ्या वेगळ्या ठेवीन. जोतं आणि पायरी यांच्यात 12 मिमी जाडीचा फोम किंवा बिटुमेनचा बोर्ड उभा करायचा, वरून तो 20 मिमी खोल काढून फोमची 15-16 मिमी जाडीची गोल दोरी दाबून बसवायची, आणि तिच्यावर पॉलियुरेथेन सीलंटचा 6 मिमी थर द्यायचा. त्या फटीत सिमेंट भरू देऊ नका, ते तडकतंच.

मापं वरून खाली घ्या. उंबऱ्यापासून तयार पायवाटेपर्यंतची एकूण उंची मोजा आणि तिला चार चढणींत समान भागा. तुमच्याकडे मूळ उंची 600 मिमी असेल तर प्रत्येकी 150. म्हणून पायवाट आधी, पायऱ्या नंतर. फर्म्याच्या उभ्या फळीची खालची कड तिरकी तासून घ्या, म्हणजे खालच्या पायरीवर थापी आणि रंधा थेट कोपऱ्यापर्यंत पोचतो. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूस 5-6 मिमी ढाळ द्या. काँक्रीट 1:1.5:3 चं, 20 मिमी खडीचं. 50 किलोच्या एका गोणीला साधारण 52 लिटर वाळू, 105 लिटर खडी आणि 25 लिटर पाणी. वाळू ओली असेल तर पाणी त्या मानाने कमी. एका गोणीत सव्वाशे लिटरच्या आसपास काँक्रीट होतं, त्यामुळे भरीव ठोकळ्याला तीन गोण्या हाताशी असाव्यात, खालचा भराव वेगळा. काम सोपं व्हावं म्हणून मजूर पाणी वाढवत जातात, तिथे उभं राहून नको म्हणा. पृष्ठभागापासून 40 मिमी आत 8 मिमी सळईची 20 सेंमीच्या चौकडीची जाळी ठेवली तर पुढे येणाऱ्या भेगा बारीक राहतात.

सिमेंट चकचकीत घोटू नका. वर तरंगलेलं पाणी उडून गेल्यावर चालण्याच्या दिशेला आडवा झाडू फिरवा, आणि कडा 6 ते 10 मिमी गोलाईने मारा. टोकदार कड आधी फुटते. निदान सात दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवा. तीन दिवसांनी मोठ्यांनी सांभाळून चढायला हरकत नाही, पण सासऱ्यांना आठवडाभर दुसऱ्याच दाराने न्या. कठड्याचे खांब ओल्या काँक्रीटमध्ये रोवण्याऐवजी नंतर प्लेट आणि बोल्टने बसवा, कडेपासून निदान 75 मिमी आत. रोवलेला लोखंडी खांब बुडाशी गंजतो, फुगतो आणि पायरीचा कोपरा फोडतो. कठडा पायरीच्या कडेपासून साधारण 90 सेंमी उंच ठेवा, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर जाऊ द्या, कारण तोल जातो तो बहुधा तिथेच.

ठेकेदार निवडताना दर विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा: खाली काय सापडेल असं वाटतं, आणि भराव किती जाडीच्या थरांनी चोपणार? पहिल्याचं उत्तर ‘काही नाही’ आणि दुसऱ्याचं ‘पाणी सोडलं की बसतो’ असं आलं, तर त्याला काम देऊ नका. आणि या कामाचा दिवस ठरवण्याआधी पावसाच्या पाईपाचं तोंड वळवून घ्या. त्याला दोन एल्बो आणि पाईपाचा एक तुकडा पुरेल.